४२ घरांचा तक्ता

शुक्रवारी दुपारी ते टिकेट, म्हणजे कामाची चिठ्ठी, आलं तेव्हा इतकं सोपं वाटलं की मी ते धड वाचलंसुद्धा नाही. "रद्द झालेल्या ऑर्डरचे पैसे आपोआप परत जावेत." एका ओळीचं काम. पैसे परत करणारी एपीआय (दुसऱ्या प्रोग्रामने सेवेला काम सांगायची सोय) पेमेंट सेवेकडे होतीच, ऑर्डर रद्द करायचं बटण आमच्याकडे होतंच, मधे फक्त दोरा ओवायचा होता. हेडफोन कानात घातले आणि एका बैठकीत ओवून टाकला. साधारण दोनशे ओळी, त्या तपासणाऱ्या नऊ टेस्ट, सगळ्या हिरव्या, म्हणजे पास. माझा कोड तपासणाऱ्या, म्हणजे रिव्ह्यू करणाऱ्या सहकाऱ्यालाही निघायची घाई होती. सहाच्या आत कोड प्रॉडक्शनवर, म्हणजे खऱ्या ग्राहकांसाठी चालू, गेला आणि मी स्वतःची पाठ थोपटून मोकळी झाले.

सोमवारी सकाळी हिशेब बघणाऱ्या विभागातून फोन आला. ११७ ग्राहकांना पैसे परत मिळाले होते. दोनदा.

या गोष्टीला आता अकरा वर्षं झाली, ती कंपनीही मी कधीची सोडली. पण कुठल्या गाडीच्या नंबरात ११७ दिसलं तरी अजून पोटात गोळा येतो.

झालं होतं ते असं. शनिवारी रात्री पेमेंट सेवा मंदावली होती. माझा कोड तिला "याचे पैसे परत कर" असं सांगायचा, ३० सेकंद थांबायचा आणि तोवर उत्तर आलं नाही तर काम फसलं असं धरून तेच काम पुन्हा रांगेत टाकायचा. पण उत्तर न येणं वेगळं आणि काम न होणं वेगळं. पलीकडे पैसे कधीच गेले होते, फक्त "गेले" हा निरोप वाटेत रखडला होता. आपण कुणाला फोन केला, बोलणं अर्ध्यात तुटलं, तर समोरच्याने शेवटचं वाक्य ऐकलं की नाही हे आपल्याला कळत नाही. 'ऐकलं' नाही, 'नाही ऐकलं' असंही नाही. 'माहीत नाही' हे तिसरंच उत्तर. माझ्या दोनशे ओळींत त्याला जागाच नव्हती.

आणि लाजिरवाणा भाग पुढेच आहे. दोनदा पैसे जाऊ शकतात हे मला माहीत नव्हतं असं नाही. बऱ्याच पेमेंट सेवा यासाठी सोय देतात: मागणीसोबत एक किल्ली पाठवायची, तीच किल्ली पुन्हा आली तर सेवा ओळखते की ही जुनीच मागणी आहे आणि काम दुसऱ्यांदा न करता पहिलंच उत्तर परत देते. आयडेम्पोटन्सी की म्हणतात तिला. मी ती वापरली होती! फक्त ती तयार करणारी ओळ मी रिट्रायच्या लूपच्या, म्हणजे पुन्हा पुन्हा प्रयत्न करणाऱ्या भागाच्या, आत लिहिली होती. म्हणजे प्रत्येक प्रयत्नाला कोरी करकरीत नवी किल्ली. कुलूप होतं, किल्ली होती, आणि दर वेळी मी नवं दार बसवत होते. बरोबर जागा एकच होती: ऑर्डर रद्द होते त्याच क्षणी किल्ली बनवायची, ऑर्डरसोबत डेटाबेसमध्ये ठेवायची आणि नंतर कितीही वेळा प्रयत्न करा, तीच पाठवायची. एका ओळीची जागा. ती ओळ वर की खाली हा प्रश्न मला टाइप करताना पडलाच नाही, कारण माझी बोटं पुढच्या ओळीवर पोचली होती. उचलली जीभ लावली टाळ्याला म्हणतात, तसं उचलली बोटं लावली कीबोर्डला.

फोन ठेवल्यावर मी काय केलं असेल? लॅपटॉप उघडून दुरुस्ती लिहायला घेतली. अजून घाईने.

आमच्या टीममध्ये तेव्हा एक ज्येष्ठ सहकारी होते. फार कमी बोलायचे आणि कोडही फार कमी लिहायचे, त्यामुळे आम्ही नव्या मुलामुलींनी त्यांच्याबद्दल मनातल्या मनात एक मत बनवून ठेवलं होतं, जे आज इथे लिहायची लाज वाटते. ते खुर्ची ओढून माझ्या शेजारी बसले.

"हात काढ कीबोर्डवरून. आधी ती रांग बंद कर, म्हणजे आणखी कुणाला जायचे नाहीत. आणि मग मला सांग, ऑर्डर कुठल्या कुठल्या अवस्थेत असू शकते?"

"ते कोडमध्ये आहेच सर, हे बघा, मी दाखवते—"

"कोडमध्ये काय आहे ते नाही विचारलं. काय असू शकतं ते विचारलं."

त्यांनी प्रिंटरमधला एक कागद आडवा धरला आणि डावीकडे एकाखाली एक लिहायला सांगितलं. नवी. पैसे आले. पाठवली. पोचली. रद्द. पैसे परत. सहा अवस्था. मग वरच्या बाजूला ऑर्डरच्या बाबतीत काय काय घडू शकतं ते: पैसे भरल्याची सूचना येते, पैसे भरणं फसल्याची सूचना येते, ग्राहक रद्द करतो, गोदाम माल पाठवतं, माल पोचल्याची नोंद होते, परताव्याला होकार येतो, परताव्याचं उत्तरच येत नाही. सात घटना. रेघा मारल्या. ४२ घरं.

"आता प्रत्येक घरात लिही, या अवस्थेत असताना हे घडलं तर आपण काय करायचं."

पहिली काही भराभर भरली. 'नवी' असताना पैसे आल्याची सूचना आली तर 'पैसे आले'. 'पाठवली' असताना पोचल्याची नोंद झाली तर 'पोचली'. माझा कोड ज्या घरांचा विचार करत होता ती मोजली तर १३ निघाली. १७ घरांत मी मोठ्या आत्मविश्वासाने 'अशक्य' असं लिहिलं. उरलेल्या १२ घरांसमोर पेन हवेत थांबलं.

'रद्द' या ओळीत, 'पैसे भरल्याची सूचना येते' या घरात काय लिहायचं? ग्राहकाने पैसे भरले, पान अडकलं, त्याने कंटाळून ऑर्डर रद्द केली आणि दोन मिनिटांनी बँकेकडून पैसे आल्याची सूचना आली. आमच्या कोडने काय केलं असतं? रद्द करण्याच्या क्षणी पैसे आलेलेच नाहीत, म्हणजे परत करायचेही नाहीत, म्हणून गप्प बसला असता. आणि नंतर आलेल्या सूचनेने? ऑर्डर उचलून 'पैसे आले' अवस्थेत टाकली असती आणि गोदामाने रद्द झालेला माल पाठवून दिला असता. आम्ही लॉग, म्हणजे प्रणालीने आपोआप ठेवलेल्या नोंदी, उघडून पाहिले. हे घडलेलं होतं. माझ्या शुक्रवारच्या कोडच्याही आधीपासून घडत होतं, फक्त तक्रारी ग्राहकसेवेकडे जात होत्या आणि तिथे कुणीतरी मुकाट्याने हाताने निस्तरत होतं.

मग सरांनी त्या 'अशक्य' लिहिलेल्या १७ घरांपैकी काही लॉगमध्ये शोधायला सांगितली. तीन सापडली. आपण ज्याला अशक्य म्हणतो ते बहुतेक वेळा 'माझ्या डोक्यात आलं नाही' एवढंच असतं.

पण त्या कागदाने दाखवलेली खरी गोष्ट कुठल्या घरात नव्हतीच. शेवटच्या स्तंभापाशी, म्हणजे 'परताव्याचं उत्तरच येत नाही' पाशी आलो तेव्हा मी कुठल्याच ओळीत काही लिहू शकेना. कारण हे घडतं तेव्हा ऑर्डर कुठल्या अवस्थेत असते? 'रद्द' म्हणावं तर पैसे मागितलेत की नाही ते कळत नाही. 'पैसे परत' म्हणावं तर ते गेलेत याची खात्री नाही. ओळच कमी होती. 'परतावा मागितला आहे, निकाल माहीत नाही' अशी सातवी अवस्था हवी होती. ती लिहिल्याबरोबर तक्ता ४९ घरांचा झाला आणि बाकीची उत्तरं आपली आपण सुचत गेली: या अवस्थेत असताना नवी मागणी करायची नाही, त्याच किल्लीने फक्त विचारत राहायचं, आणि ठरावीक वेळानंतरही कळलं नाही तर माणसाकडे सोपवायचं.

मी सोमवारभर बसून जी दुरुस्ती लिहिली असती ती त्या लूपमधली ओळ वर सरकवण्याची असती. ती बरोबरच होती. आणि अपुरी.

टेस्टबद्दल इथेच बोलून घेते, कारण "टेस्ट लिहिल्या असत्या तर" असं कुणीतरी म्हणणारच. नऊ टेस्ट होत्या. नऊही मी लिहिल्या होत्या, त्याच डोक्याने, त्याच दुपारी. जे घर माझ्या डोक्यात नव्हतं त्याची टेस्ट मी कुठून लिहिणार? संगणकशास्त्रज्ञ डायक्स्ट्रा ५० हून अधिक वर्षांपूर्वीच सांगून गेले आहेत की चाचणीने चुका आहेत हे दिसू शकतं, नाहीत हे कधीच दिसत नाही. मी ते कॉलेजात परीक्षेपुरतं पाठ केलं होतं.

तेव्हापासून मला न हलणाऱ्या माणसांबद्दल आदर वाटायला लागला. प्रोग्रामर रॉब पाईक यांनी बेल लॅब्स या अमेरिकी संशोधन संस्थेतली केन थॉम्पसन यांच्याबरोबरची एक आठवण सांगितली आहे. दोघं एकाच टर्मिनलवर काम करत. काही बिघडलं की पाईक लगेच कोडमध्ये शिरून प्रिंट टाकायला, डीबगर (चूक शोधायचं साधन) चालवायला लागत. थॉम्पसन मागे नुसते उभे राहून विचार करत. आणि बऱ्याचदा पाईक यांच्या आधी थॉम्पसनच एकदम म्हणत, कळलं काय चुकलंय ते. पाईक म्हणतात की एकेका ओळीत शिरलं की त्या जागेची चूक सापडते, पण आधी विचार केला तर चूक मुळात त्या जागी आली कशी हे सापडतं. युनिक्स ही ऑपरेटिंग सिस्टिम घडवणाऱ्या थॉम्पसन यांचा हा किस्सा आहे, त्यामुळे "विचार करत बसायला वेळ कुणाला आहे" असं कुणी म्हणालं की मला तो आठवतो.

सध्या मी जिथे आहे तिथे आम्ही प्रयोगशाळांमधली महागडी यंत्रं वेळ ठरवून वापरायला देण्याची प्रणाली चालवतो. एका यंत्रावर एका वेळी एकच माणूस. मागच्या वर्षी टीममध्ये आलेल्या एका मुलाने दोन बुकिंगची टक्कर ओळखणारं फंक्शन लिहून रिव्ह्यूला पाठवलं. पाच इफ होते, म्हणजे 'जर असं असेल तर' अशा पाच अटी. नव्याची सुरुवात जुन्याच्या आत आहे का, नव्याचा शेवट जुन्याच्या आत आहे का, दोन्ही सारखीच आहेत का, वगैरे. नवं बुकिंग जुन्याला दोन्ही बाजूंनी गिळून टाकतं ही शक्यता राहून गेली होती. शिवाय १० ते ११ आणि ११ ते १२ या दोन निरुपद्रवी बुकिंगांची तो टक्कर लावत होता.

सहावा इफ टाक असं सांगता आलं असतं. त्याऐवजी आम्ही फळ्यापाशी गेलो. दोन कालखंडांची आपापसांत किती प्रकारची नाती असू शकतात? संगणकशास्त्रज्ञ जेम्स ॲलन यांनी १९८३ मध्ये ती मोजून मांडली आहेत: १३. आम्ही ती न बघता आधी स्वतः काढायचा प्रयत्न केला आणि ११ वर अडकलो, पण ते सोडा. या १३ पैकी आमच्या दृष्टीने टक्कर असणारी ९ आहेत आणि नसणारी फक्त ४: अ आधीच संपतो, अ संपतो तिथेच ब सुरू होतो, आणि हीच दोन उलट्या बाजूने. माझा सहकारी त्या ९ च्या मागे धावत होता. मी म्हटलं, तू टक्कर कधी होते ते शोधतोयस, कधी होत नाही ते विचार. तो क्षणभर गप्प झाला आणि म्हणाला, "एक संपल्यावरच दुसरं सुरू होत असेल तर."

झालं. टक्कर नाही म्हणजे अ चा शेवट ब च्या सुरुवातीला किंवा तिच्या आधी, अथवा ब चा शेवट अ च्या सुरुवातीला किंवा तिच्या आधी. हे वाक्य उलटं केलं की टक्कर म्हणजे:

अ.सुरुवात < ब.शेवट आणि ब.सुरुवात < अ.शेवट

एक ओळ, दोन तुलना, नऊच्या नऊ शक्यता आत. ११ वाजताची ती खोटी टक्करही गेली, कारण मधे आम्ही एक गोष्ट ठरवून टाकली होती: बुकिंगमध्ये सुरुवातीचा क्षण धरायचा, शेवटचा क्षण धरायचा नाही. हीसुद्धा जुनीच शहाणपणाची गोष्ट आहे. डायक्स्ट्रा यांचं १९८२ चं हाताने लिहिलेलं एक टिपण आहे, मोजणी शून्यापासून का करावी यावर. त्यात त्यांनी हाच मुद्दा पूर्णांकांच्या मालिकांसाठी मांडला आहे. सुरुवात धरली आणि शेवट सोडला की शेवटातून सुरुवात वजा करून थेट लांबी मिळते, आणि शेजारच्या दोन तुकड्यांत एकाचा शेवट तोच दुसऱ्याचा आरंभ होतो. कुठे एक मिळवा, कुठे एक वजा करा, ही कटकटच संपते.

तो मुलगा खूश होऊन निघाला होता. मी त्याला परत बोलावलं, कारण फळ्यावर अजून एक प्रश्न शिल्लक होता: दोघांनी एकाच सेकंदाला बटण दाबलं तर? दोघांचाही कोड आधी डेटाबेसला विचारतो, "टक्कर आहे का?" दोघांनाही उत्तर येतं, नाही. दोघंही बुकिंग लिहून मोकळे. आमची सुंदर एक ओळ दोन्ही वेळा बरोबर चालली आणि तरी यंत्रापाशी दोन माणसं उभी. इथे अट कितीही अचूक लिहा, उपयोग नाही. तपासणं आणि लिहिणं या दोन गोष्टी एकाच झटक्यात व्हायला हव्यात. पोस्टग्रेस या डेटाबेसमध्ये यासाठी कालखंडाचा वेगळा प्रकार आहे आणि एक्सक्लूजन कन्स्ट्रेंट नावाची अट टेबलावरच घालता येते: एकाच यंत्राचे दोन कालखंड एकमेकांवर येत असतील तर दुसरी नोंद डेटाबेस स्वतःच नाकारतो. शेवटी आम्ही ते केलं आणि आमचं फंक्शन फक्त पडद्यावर लाल रंग दाखवण्यापुरतं उरलं. पाच इफ, मग एक ओळ, मग जवळजवळ काहीच नाही. हे सगळं पाऊण तासात झालं आणि त्यात लॅपटॉप एकदाच उघडला, पोस्टग्रेसची कागदपत्रं बघायला.

आता माझ्या बाजूचं थोडं झोडपून घेते.

विचार केला की चूक होत नाही असं मला म्हणायचं नाही. बायनरी सर्चचं उदाहरण घ्या. क्रमाने लावलेल्या यादीत मधलं घर बघायचं आणि निम्मी यादी टाकून द्यायची, एवढं साधं. मधलं घर काढायला खालचा आणि वरचा क्रमांक मिळवून दोनने भागायचं. हा अल्गोरिदम कागदावर सिद्ध करता येतो, लोकांनी केला आहे. तरी २००६ मध्ये जोशुआ ब्लॉक यांनी जाहीर केलं की जावा या प्रोग्रामिंग भाषेच्या प्रमाणित लायब्ररीतल्या, त्यांनीच लिहिलेल्या बायनरी सर्चमध्ये सुमारे नऊ वर्षं एक चूक दबून होती. दोन क्रमांकांची बेरीज २,१४,७४,८३,६४७ च्या पुढे गेली की ३२ बिटांच्या पूर्णांकात मावत नाही आणि ऋण होते. त्यासाठी यादीत शंभर कोटींहून जास्त घटक लागतात, त्यामुळे इतकी वर्षं कुणाला ठेच लागली नाही. सिद्धता चुकीची नव्हती. ती गणितातल्या पूर्णांकांसाठी होती, ज्यांना छप्पर नसतं. यंत्रातल्या पूर्णांकांना असतं, आणि हे कागदावर कुणी लिहिलं नव्हतं. दुरुस्ती किरकोळ आहे: वरच्यातून खालचा वजा करून निम्मा करायचा आणि तो खालच्यात मिळवायचा.

एरियन ५ या युरोपीय रॉकेटची कथा तर याहून टोचणारी. ४ जून १९९६ ला ते रॉकेट पहिल्याच उड्डाणात, उड्डाणाचा क्रम सुरू झाल्यापासून साधारण ४० सेकंदांत फुटलं. ६४ बिटांचा एक अपूर्णांक १६ बिटांच्या पूर्णांकात बसवताना मावला नाही, एवढंच कारण सांगून लोक सहसा थांबतात आणि घाईगर्दीचं उदाहरण म्हणून ते देतात. चौकशी अहवाल वाचला तर वेगळंच दिसतं. असे धोक्याचे सात चल (कोडमधले बदलते आकडे) त्यांना माहीत होते. संगणकावरचा भार ८० टक्क्यांच्या आत ठेवायचा होता म्हणून त्यांनी चारांनाच संरक्षण दिलं आणि तीन सोडले, कारण त्या तिघांची किंमत हाताबाहेर जाणार नाही असा हिशेब होता. म्हणजे विचार झाला होता. तो आधीच्या एरियन ४ रॉकेटच्या उड्डाणमार्गासाठी बरोबरही होता. एरियन ५ चा आडवा वेग बराच जास्त होता. आणि या निर्णयाचं कारण कोडमध्ये कुठेही लिहिलेलं सापडलं नाही. ज्या कामासाठी तो कोड चालू होता त्याची उड्डाणानंतर नव्या रॉकेटला गरजसुद्धा नव्हती.

हे वाचल्यापासून मी विचारापेक्षाही गृहीतकांच्या मागे लागते. आमच्या टीममध्ये डिझाइन डॉक्युमेंट दोन पानांच्या वर गेलं की मी वाचत नाही (नमनाला घडाभर तेल, दुसरं काय), पण 'आपण काय धरून चाललोय' हा भाग कोडच्या शेजारी, त्याच फाइलमध्ये हवा म्हणून भांडते.

आणि एकदा तर मी स्वतःच विचाराने फसले. दुसऱ्या एका प्रणालीतून येणाऱ्या नोंदी आमच्याकडे घ्यायच्या होत्या. मी तीन दिवस फळ्यावर घालवले. अवस्था, घटना, तक्ते, सगळं. इतकी देखणी रचना मी आयुष्यात केली नव्हती. चौथ्या दिवशी खरी फाइल हातात आली. पहिल्या वीस ओळींतच वेळा मागेपुढे होत्या आणि एक क्रमांक दोनदा. माझी रचना 'नोंदी वेळेच्या क्रमाने येतात' या पायावर उभी होती. हे तीन दिवसांत मी कुणाला विचारलं नव्हतं, पंधरा मिनिटांची स्क्रिप्ट लिहून पाहिलंही नव्हतं. ती स्क्रिप्ट म्हणजे कोडच, पण फेकून देण्यासाठी लिहिलेला. तसा कोड मी आता पहिल्या तासाभरातच लिहिते. जे आपल्या हातात आहे त्याचा विचार कागदावर करता येतो. जे दुसऱ्याच्या हातात आहे ते जाऊन बघावं लागतं. खुर्चीत बसून ते कळत नाही, डोकं कितीही चालवा.

काही गोष्टी तर कागदालाही झेपत नाहीत. ४९ घरं माणूस भरतो. पण पाच यंत्रं एकमेकांना निरोप पाठवतायत, कुठलाही निरोप हरवू शकतो, कुठलंही यंत्र कधीही बंद पडू शकतं, असं असलं की घरं लाखांत जातात. संगणकशास्त्रज्ञ लेस्ली लॅम्पोर्ट यांनी यासाठी टीएलए प्लस ही भाषा केली. प्रणाली काय करते ते गणिती भाषेत लिहायचं, कोड नाही, आणि मग सगळ्या घरांतून फिरायचं काम एका प्रोग्रामला द्यायचं. ॲमेझॉनच्या अभियंत्यांनी डायनॅमो डीबी या आपल्या डेटाबेस सेवेसाठी ती वापरली तेव्हा एक चूक सापडली, जी घडायला किमान ३५ पायऱ्या एका विशिष्ट क्रमाने व्हाव्या लागत होत्या. ती रचना त्याआधी अनेक अनुभवी डोळ्यांखालून गेली होती. ३५ पायऱ्या! मी सात घटनांशी धापा टाकत होते. मी टीएलए प्लस शिकायला घेतली आहे. अजून अडखळतेच, पण गंमत अशी की निम्म्या वेळा चूक प्रोग्राम चालवण्याआधीच कळते, नुसतं 'कायम काय खरं असलं पाहिजे' हे लिहिताना.

कोड लिहून देणाऱ्या साधनांबद्दल हल्ली सगळे विचारतात. मी वापरते, रोज. माझं ते शुक्रवारचं टिकेट त्यांना दिलं असतं तर दोनशे ओळी मिनिटभरात आल्या असत्या आणि नऊऐवजी वीस टेस्ट हिरव्या झाल्या असत्या. मग दुपारी चारलाच प्रॉडक्शनवर. मी हल्ली आधी तक्ता भरते आणि तक्ताच त्यांना देते. तेव्हा जे येतं ते बऱ्यापैकी असतं. रिकाम्या घराबद्दल मात्र तेही गप्प बसतात किंवा मनाने काहीतरी भरतात, माझ्यासारखंच, आत्मविश्वासाने.

ते ज्येष्ठ सहकारी निवृत्त झाले. तो मूळ कागद त्यांनी मला दिला नाही. मी मागितला होता, पण त्यांनी त्याच्या मागे दुसऱ्याच कशाचा तरी तक्ता काढायला घेतला होता.

काल संध्याकाळी आमचा तो पाच इफवाला मुलगा माझ्या टेबलापाशी आला. यंत्र दुरुस्तीला काढण्याची सोय त्याला बनवायची आहे. कोडची एक ओळही लिहिलेली नव्हती. हातात आडवा धरलेला कागद होता, पाच अवस्था आणि सहा घटना, ३० घरं, त्यातली २९ भरलेली. उरलेल्या घरात मोठं प्रश्नचिन्ह होतं: यंत्रावर कुणाचा तरी प्रयोग चालू आहे, अजून चार तास चालणार आहे, आणि त्याच वेळी तंत्रज्ञ 'दुरुस्तीला' हे बटण दाबतो.

"प्रयोग तोडायचा की बटण नाकारायचं?" त्याने विचारलं.

मला माहीत नाही. आम्हा दोघांपैकी कुणीच ती यंत्रं चालवलेली नाहीत. उद्या सकाळी दहाला तो कागद घेऊन आम्ही प्रयोगशाळेत जाणार आहोत, तंत्रज्ञांना विचारायला.